फोटोवाल्याची दाढी

माझ्या मामाच्या सलूनमध्ये खोटं बोलायची सोय नव्हती. तशी पाटी कुठे लावलेली नव्हती. पाटी होती ती 'पंखा विचारून लावावा' अशी, आणि ती कुणी वाचत नसे. पण खुर्चीत मान मागे टाकली, गळ्याला फेस लागला आणि मामाने वस्तरा उघडला, की भलेभले सुतासारखे सरळ व्हायचे. मामा आवाज चढवत नसे, हात थांबवत नसे. गळ्याच्या घाटीपाशी आला की सहज, हवापाण्याचं बोलावं तसं, काय ते विचारायचा. त्याचं म्हणणं असं, की खरं बोलणाऱ्याचा कंठ जागेवर राहतो. खोटं बोलणारा आधी आवंढा गिळतो आणि तो आवंढा पात्याखाली लागतो.

आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुलीसाठी स्थळ आलं की मुलीचा बाप मुलाला म्हणायचा, "प्रवासातून आलात, जरा दाढी करून या." बिचारा मुलगा ताजातवाना व्हायला जायचा आणि मामा त्याच्या नोकरीपासून व्यसनापर्यंत सगळं खरवडून काढायचा. कितीतरी लग्नं त्या खुर्चीत ठरली, आणि मोडली त्याहून जास्त. मामा स्वतःची दाढी मात्र घरी, भिंतीकडे तोंड करून करत असे. मामी म्हणायची, "तुमचा कंठ कोण बघणार, ते सांगा."

मी या मामाकडे शिकायला म्हणून आलो होतो. शिक्षण संपलं आणि मी राहिलोच. सलूनच्या बाकावर बसून पेपर वाचणं हे माझं काम, आणि मामाच्या मते ते मी मन लावून करायचो.

त्या वर्षी मामीच्या किडन्यांनी राजीनामा दिला. हे तिचेच शब्द. दर सोमवारी आणि गुरुवारी तिला घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात मशीनवर झोपावं लागे. एक खेपही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. चुकली तर अंगात पाणी साठतं, छातीत जातं, आणि मग काही खरं नाही. म्हणून तिला पाणीही वाटीने मोजून मिळायचं. बसने जाताना ती कशीबशी जायची, पण येताना पिळून काढलेल्या धुण्यासारखी होऊन यायची. एका गुरुवारी बसच्या पायरीवरून ती घसरली आणि स्टँडवरच्या सगळ्या लोकांसमोर गुडघ्यांवर आली.

"बसने नमस्कार करून घेतला माझ्याकडून," घरी आल्यावर ती म्हणाली. मी हसलो. मामा हसला नाही. तो तिच्या गुडघ्यातली वाळू ओल्या कापसाने टिपत होता.

"गाडी घेऊ या," तो म्हणाला.

"घ्या की. विमानच घ्या," मामी म्हणाली.

पण मामाच्या मनात गाडी आधीच उभी होती. सलूनच्या पलीकडे फोटोवाल्याचा स्टुडिओ होता, आणि स्टुडिओच्या बोळात त्याची करड्या रंगाची जुनी मोटार. मोटारीवर त्याने स्टुडिओतला जुना पडदा टाकून ठेवला होता. पडद्यावर तळं, तळ्यात हंस आणि मागे डोंगर. आमच्या पिढीतल्या सगळ्यांचे लहानपणीचे फोटो त्या तळ्याकाठी काढलेले. आता ते तळं मोटारीवर लोंबत होतं. फोटोवाला मोटार स्कूटरच्या भावात द्यायला तयार होता.

"इंजिनचं जरासं काम आहे," एवढंच तो म्हणाला होता. हे 'जरासं' म्हणताना त्याने पायातल्या चपलेकडे पाहिलं होतं.

आणि त्यानंतर तो दाढी करायला आलाच नाही. एरवी दर दोन दिवसांनी यायचा, कारण लोकांना 'हनुवटी वर' म्हणायचं तर आपली हनुवटी तुळतुळीत हवी, असं त्याचं धोरण होतं. आता ती हनुवटी दिसेनाशी झाली. आधी खुंट, मग झुडूप, मग सरळ जंगल. सलूनवरून जाताना तो समोरच्या फुटपाथने जाऊ लागला. मी मामाला म्हटलं, "साधू होतोय की काय तो?" मामा म्हणाला, "फॅशन असते." चाळीस वर्षं दाढ्या करणारा माणूस दाढीबद्दल इतकं भाबडं बोलतो, हे मला जरा विचित्र वाटलं.

मामाने मिस्त्रीला गाडी दाखवली. हा मिस्त्री बोलायला कंजूष. त्याने तळं बाजूला सारलं, बॉनेट उघडलं, तेलाचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून मामाच्या नाकासमोर धरलं. झाकणाच्या आत पिवळट, चिकट साय धरली होती. दुधाच्या पातेल्याला धरते तशी.

"तेलात पाणी उतरलंय," मिस्त्री म्हणाला. "इंजिन उघडावं लागेल. गाडीपेक्षा काम महाग पडेल, शेठ."

"आणि तशीच चालवली तर?"

"बाजारात फिरवा. सपाटीला रेटेल बिचारी. पाणी पीत राहील, तुम्ही ओतत राहा."

"घाटात?"

मिस्त्रीने झाकण पुसलं, बसवलं, हात पुसले. एवढ्या वेळात मामाने तो प्रश्न परत घेतला असता तर बरं झालं असतं.

"चढाला तापणार. काटा लालवर आला की थांबायचं आणि निवू द्यायची. तास जाईल, दोन जातील. थांबला नाहीत तर इंजिन जागीच बसेल, आणि मग गाडी घाटात आणि तुम्हीही घाटात. वर ना वस्ती, ना फोनला रेंज." मग जरा थांबून, "आधी इंजिन, मग घाट. आमच्या वहिनींना घेऊन तर नकोच."

घरी मी मामीला हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. ती गादीवर पाय लांब करून बसली होती.

"म्हणजे मला घोट घोट मोजून, आणि सवतीला कॅन भरभरून," ती म्हणाली. मग हसू मावळल्यावर मामाला म्हणाली, "अहो, त्याची आई याच गाडीतून नेली होती ना?"

फोटोवाल्याच्या आईच्या छातीत कळ आली होती, त्याने तिला गाडीत घालून घाटापलीकडे नेलं, आणि डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं कुणी विचारलं नव्हतं. मेलेल्या माणसाच्या मुलाला असलं काही विचारायचं नसतं.

"घाट काही एवढा लांब नाही," मामी म्हणाली. "उशीर कसला झाला, ते विचारा त्याला. तुमच्या खुर्चीत बसवून विचारा."

"तो येत नाही खुर्चीत."

"का येत नाही?"

मामाने आवंढा गिळला. तो बघायला मला वस्तरा लागला नाही.

त्यानंतरचा सोमवारही बसनेच झाला. त्या दिवशी मामीला दोन माणसांनी उचलून बसमध्ये चढवलं. एक बाई म्हणाली, "आजारी माणसांनी कशाला बाहेर पडावं?" मामी तिला म्हणाली, "हौस." पण घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून निजली आणि जेवायलाही उठली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, सलूनमध्ये कुणी नसताना, मामा मला म्हणाला, "भाचेबुवा, पेपर ठेवा. फोटोवाल्याला जाऊन सांगा, दाढी करून घे, मगच व्यवहार."

फोटोवाला स्टुडिओत दिव्याची छत्री दुरुस्त करत होता. मागच्या भिंतीवर त्याच्या आईचा फोटो होता, त्यानेच काढलेला. त्यात ती हसत नव्हती. लोकांना हसवण्यात याची हयात गेली, आईच काय ती बधली नसावी. मी निरोप सांगितला.

"मामी कशी आहे?" त्याने विचारलं.

"काल बसमध्ये उचलून चढवावं लागलं."

त्याने छत्री खाली ठेवली. दाढीत बोटं घातली. मग दिवा बंद करून माझ्या पुढे चालू लागला, परीक्षेला उशीर झालेल्या पोरासारखा.

मामाने त्याला खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल खोचला, आधी कात्रीने जंगल उतरवलं. मग ब्रश. फेस करायला त्याने नेहमीपेक्षा फार वेळ घेतला. मी बाकावर पेपर उघडला, पण अक्षर लागेना. बाहेरून कुणीतरी डोकावलं आणि आतलं वातावरण बघून तसंच मागे गेलं. मामाने वस्तरा उघडला. गाल झाले. हनुवटी झाली. गळा आला.

आता विचारेल, असं मला वाटलं. वस्तरा घाटीपाशी आला. मामा गप्प.

फोटोवाल्याचे डोळे आरशात मामाला शोधत होते. मामा आरशाकडे बघतच नव्हता.

"विचार ना," फोटोवाला म्हणाला.

"हलू नकोस."

खर्र, खर्र, एवढाच आवाज. फोटोवाल्याच्या कपाळावर घाम आला.

"अरे, आईच्या वेळी घाटात..."

"हलू नकोस म्हटलं ना. कापेल."

फोटोवाल्याचा कंठ वर चढला. मामाचा हात थांबला. मी इतकी वर्षं त्या बाकावर काढली, पण गळ्यावर आलेला मामाचा हात थांबलेला कधी पाहिला नव्हता. कंठ खाली उतरेपर्यंत त्याने वाट पाहिली आणि मग पातं पुढे नेलं. तुरटी फिरवली, टॉवेल झटकला.

"झालं. किल्ली आणलीयस?"

फोटोवाल्याने खिशातून किल्ली काढली. ती देताना त्याची मूठ लवकर उघडेना.

"आधी इंजिनचं काम करून घे," तो हळू म्हणाला.

"घेणार आहे. नंतर."

तो गेल्यावर मी मामाला म्हटलं, "विचारलं का नाहीस?"

मामा वस्तरा पुसत होता. "विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं," तो म्हणाला, आणि वस्तरा मिटला.

संध्याकाळी मामीने दारातच गाठलं. "विचारलंत?"

"विचारलं. बॅटरी उतरली होती म्हणे. आता नवी आहे."

मामी त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. मामाने सदऱ्याचं वरचं बटण लावलं. घरात उकडत होतं.

"बरं," मामी म्हणाली. "उद्यापासून तुमची दाढी मी करत जाईन." पुढे तिने काही विचारलं नाही. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, "गाडीत उशी घ्यायची का हो? की सवतीची गादी मऊ आहे?"

गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. मामाला गाडी चालवता येत होती, तरुणपणी त्याने टेम्पो हाकला होता. मामी पुढे, उशीला टेकून. मी मागे, आणि माझ्या पायाशी पाण्याचे कॅन, मामीला ज्यातला घोटही घ्यायचा नव्हता असे. पडद्यावरचं तळं घडी करून माझ्या शेजारी ठेवलेलं. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. इतकी शहाण्यासारखी सुरू झाली की मला ते आवडलं नाही.

फोटोवाला स्टुडिओच्या दारात उभा होता. दाढीखालची कातडी ऊन न लागल्याने पांढरी पडली होती, चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग दुसऱ्याच कुणाचा असावा तशी. त्याने हात वर केला. टाटा करतोय की थांबवतोय, ते कळायच्या आत मामाने वळण घेतलं.

सपाटीला मजेत गेलो. मामी खिडकीतून हात काढून वाऱ्यावर धरत होती. वाटेत आमची नेहमीची बस मागे पडली, तेव्हा तिने कंडक्टरला राणीसारखी मान झुकवून दाखवली. कितीतरी दिवसांनी मामा हसला.

मग घाट लागला. पहिल्या वळणावर मामीने मान उशीला टेकवली. दुसऱ्या वळणापर्यंत तिचे डोळे मिटले. "झोपली," मामा कुजबुजला, आणि त्याच्या आवाजात असं काही समाधान होतं, की मला पुढच्या काट्याकडे बघायचं धैर्य झालं नाही. पण बघितलंच. काटा मधल्या रेघेच्या वर होता. पुढच्या वळणाला आणखी वर. गाडीत एक गोडसर, गरम वास भरू लागला, दूध उतू जायच्या आधी येतो तसा.

"मामा, थांबू या. पाणी घालू."

"थांबलो तर वेळ निघून जाईल. मशीनची वेळ ठरलेली आहे."

"मिस्त्री म्हणाला होता..."

"वर पोचलं की उतारच आहे."

काटा लाल पट्टीला टेकला. मामाने एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने खांद्यावरचा सलूनचा टॉवेल ओढला आणि अलगद, गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती घालतो तसा, काट्यांवर पसरला. चारी बाजूंनी नीट खोचला.

"मामा," मी पुढे वाकलो.

"हलू नकोस," तो म्हणाला. "ती जागी होईल."

मी मामीकडे पाहिलं. डोळे मिटलेले, हात मांडीवर, चेहरा अगदी शांत. बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ वर आली आणि काचेवरून आमच्याकडे सरकली. त्या क्षणी मामीचा कंठ वर चढला, थांबला, आणि खाली आला. डोळे तिने उघडले नाहीत.