चाप न ओढता सुटलेली गोळी

चव्हाणकाका गेल्याचा मेसेज आमच्या क्लबच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली पहिले जोडलेले हात टाकले ते त्यांना कामावरून काढणाऱ्या मॅनेजरने! महिना उलटला, माझा संताप उतरत नाही.

शारजातल्या या नेमबाजी क्लबात मी मुलांना रायफल शिकवते. काका तिथले बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्री, मूळचे चिपळूणकडचे. जुन्या रायफलीचा बोल्ट मागेपुढे करताना त्यांचा चेहरा खुलायचा. नव्या मालाची पेटी उघडली की तोंड कडू. नळीच्या तोंडाशी धातूची कुसळं न घासता तशीच, स्क्रू ढिले, प्लॅस्टिकचा दस्ता दाबला की वाकणारा. "तपासणी आता कारखाना करत नाही, पोरी, गिऱ्हाईक करतं," ते चिडून म्हणत.

गेल्या हिवाळ्यात मुलांसाठी नव्या रायफली आल्या. काकांनी माझ्यासमोर एक रिकामीच कॉक केली, म्हणजे गोळी न भरता आतली पिन ताणून ठेवली, आणि दस्ता रबराच्या मॅटवर हलकेच आपटला. खट्! चापाला बोटही न लावता आतली पिन सुटली होती. आणखी तीन रायफलींचं तेच. तपासणीचा कागद पुढे सरकवत मॅनेजर म्हणाला, "चाचा, बच्चे राइफल पटकते हैं क्या? साइन करो, यल्ला, खलास!"

"बच्चे ही पटकते हैं, साहब."

काकांनी सही केली नाही. आठवड्यात त्यांचा व्हिसा रद्द झाला. सत्तावीस वर्षांची नोकरी... सही दुसऱ्याने केली.

पुढच्याच महिन्यात माझ्या बॅचमधल्या बारा वर्षांच्या अन्वीने भरलेली रायफल टेबलावर टेकवली, दस्ता जरासा आपटला आणि गोळी सुटली. लोखंडी स्टँडची कपची उडून तिच्या भुवईत घुसली. डोळा थोडक्यात वाचला. "मॅम, आय डिडन्ट टच इट!" ती रडत सांगत होती. रिपोर्टात लिहिलं गेलं : मुलीची चूक.

मी काकांना चिपळूणला फोन केला. "पोरीचा डोळा ठीक आहे ना?" त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, "रिपोर्टवर कोचची सही लागते. तू केलीस?"

केली होती. नोकरी, व्हिसा, घराचं भाडं...

"बरं," एवढंच म्हणाले. तेच आमचं शेवटचं बोलणं.

ते गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी अल मजाजला अन्वीच्या घरी गेले. काकांनी काय दाखवलं होतं, मी काय दडवलं, सगळं लिहून, खाली नाव घालून तिच्या वडिलांच्या हातात दिलं. ते वाचून दाराकडे बोट दाखवत होते, बरोबरच होतं. अन्वी मात्र मधे येऊन उभी राहिली. भुवईवर टाक्यांचा व्रण. नेमबाजी तिने केव्हाच सोडली होती.

"सो इट वॉझन्ट मी?"

"नाही बाळा. तू नव्हतीस."