रिकामं धरण राखणारा माणूस

बापटसाहेब गेल्याची बातमी संतोषच्या फोनवरून कळली. "साहेब गेले म्हणं," तो म्हणाला. "फायनल पुढं ढकलायची का?" संतोष हिंजवडीत कंपनीची बस चालवतो आणि तिथून पलीकडच्या एका गावात, ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीत राहतो. बापटसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. कोथरूडला माझ्या शेजारच्या इमारतीत त्यांचं घर. फायनल पुढे ढकलायची नाही, असं त्यांच्या पत्नीने, सुमतीबाईंनी, ठरवलं. "पाऊस काही ह्यांच्यासाठी थांबायचा नाही," त्या म्हणाल्या.

बापटसाहेबांची माझी ओळख एका तक्रारीतून झाली. संतोषच्या गावाच्या वरच्या अंगाला त्यांनी नोकरीत असताना मातीचं एक लहान धरण बांधलं होतं, आणि त्यात पाणी राहत नाही, असं गावकऱ्यांचं म्हणणं होतं. वार्ताहर म्हणून मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "धरण कोरडं आहे, हे खरं का?" ते म्हणाले, "हो. म्हणजे ते व्यवस्थित चालतंय." मग चहा मागवून त्यांनी समजावलं. हे धरण पाणी साठवायला नव्हतंच. डोंगरावरून येणारा लोंढा अडवायचा, बांधाखालच्या मोरीतून सावकाश खाली सोडायचा, आणि पुढचा लोंढा यायच्या आत पोट मोकळं करून बसायचं, एवढंच त्याचं काम. मोरीला दार नाही. ती उघडी राहिली, तर खालची वस्ती कोरडी राहते. "धरण भरलेलं दिसलं की लोकांना बरं वाटतं," ते म्हणाले. "मला झोप लागत नाही."

लोकांना बरं वाटावं म्हणून कोणी ना कोणी ती मोरी बुजवायचंच. कधी म्हशींसाठी, कधी नुसतंच पाणी दिसावं म्हणून. दगड, गोणपाटं, एकदा तर जुनी गादी. बापटसाहेबांनी सूचनेचा पत्रा लावला. पुढच्या फेरीत तो त्यांना एका शेळ्यांच्या गोठ्याला दार म्हणून लावलेला दिसला. "निदान उपयोगी पडला," एवढंच ते म्हणाले. त्याच फेरीत धरणाच्या कोरड्या पोटात पोरं क्रिकेट खेळताना दिसली... आणि साहेबांनी सूचना लिहिणं सोडून दिलं. त्यांनी चषक सुरू केला.

क्रिकेटमधलं त्यांना काहीही कळत नसे. यष्टिरक्षकाकडे बोट दाखवून, "हा मागे उभा असलेला नेमका कोणाच्या बाजूचा?" असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं होतं. पण स्पर्धेतला एक नियम मात्र त्यांचा स्वतःचा होता. चेंडू मोरीत शिरून बांधापलीकडे बाहेर पडला, तर षटकार. आत अडकला, तर मोरी साफ करून तोच चेंडू बाहेर काढेपर्यंत खेळ बंद. तेव्हापासून मोरी साफ ठेवायला कोणाला सांगावं लागलं नाही. साहेब बांधावर घडीची खुर्ची टाकून बसायचे, आणि कोणी विचारलंच तर "मला खेळाची आवड आहे," असं ठोकून द्यायचे.

एका पावसाळ्यात डोंगरावर अचानक इतका पाऊस कोसळला की धरण सांडव्यापर्यंत चढलं. खालच्या वस्तीत ओढा संतोषच्या घराच्या पायरीला टेकला आणि तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो, तेव्हा पाणी उतरत आलं होतं. संतोष वैतागलेला. "पीच गेलं की ओ साहेब! नुसता राडा!" साहेबांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. पूर आल्याबद्दल पेढे वाटणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सुमतीबाई म्हणाल्या, "आमच्या लग्नात ह्यांचा चेहरा एवढा खुलला नव्हता."

शेवटच्या वर्षांत गुडघ्यांमुळे त्यांचं जाणं थांबलं. मग फायनल संपली की संतोष फोन करायचा. कोण जिंकलं हे साहेबांनी कधी विचारलं नाही. विचारायचे एवढंच, "चेंडू बाहेर आला का?"

यंदा प्रश्न अवघड होता. गावात बबनशेठ यांनी शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी रिसॉर्ट काढलंय. त्यांना धरणात बोटी हव्यात. मोरी बंद करण्याचा त्यांचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे येणार होता, आणि विरोध करायला साहेब नव्हते. फायनलला बबनशेठचाच संघ संतोषच्या संघासमोर उभा. शेवटची षटकं, बबनशेठचा संघ फलंदाजीला, धावा आवाक्यात. एक फटका जमिनीलगत गेला आणि चेंडू मोरीत शिरला. पोरं धावत बांधापलीकडे गेली. थांबली... चेंडू आलाच नाही.

"दुसरा बॉल घ्या, चला," बबनशेठ म्हणाले.

"नियम हाय, शेठ," पंच म्हणाले. "साहेबांचा."

"साहेब हायेत का आता?"

"न्हाईत. म्हणून तर नियम पाळायचा."

मग बबनशेठचेच फलंदाज पॅडसकट मोरीत उतरले आणि वाळूची पोती बाहेर ओढू लागले. पोत्यांवर रिसॉर्टचं नाव छापलेलं होतं. सभेआधीच कामाला सुरुवात झाली होती. "शेठ, तुमचाच माल दिसतोय," संतोष म्हणाला. हशा पिकला. अंधार पडला तर सामना जाणार, हे लक्षात येताच बबनशेठ बाह्या सरसावून खाली उतरले आणि शेवटचं पोतं त्यांनी स्वतः ओढून काढलं. मोरीत साचलेल्या गढूळ पाण्याबरोबर चेंडू पलीकडे घरंगळत आला. ग्रामसभेत तो प्रस्ताव त्यांच्याच कप्तानाने पाडला. पुढच्या वर्षी खेळायचं कुठे, एवढंच त्याने विचारलं.

चषक कोणी उचलला ते इथे लिहीत नाही; साहेबांनीही विचारलं नसतं. फायनलच्या संध्याकाळी बक्षीस समारंभ संपल्यावर संतोषने सवयीने कोथरूडचा नंबर लावला, आणि घंटी वाजू लागल्यावर त्याच्या लक्षात आलं... त्याने माझ्याकडे पाहिलं. फोन ठेवून द्यावा की काय, या विचारात असतानाच तिकडून सुमतीबाईंनी उचलला. हॅलो वगैरे काही नाही.

"काय रे," त्या म्हणाल्या, "चेंडू बाहेर आला का?"