तट्टीपलीकडचा तास

जवळा बाजारपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी मास्तर होतो. राज्य निजामाचं, शाळा सरकारी, शिकवणं सगळं उर्दूत. रोज दुपारी धर्माचा एक तास असे. मुसलमान पोरांना दिनियात, म्हणजे त्यांचा धर्म, आणि बाकीच्यांना अखलाक, म्हणजे नीती. दिनियात शिकवायला मौलवीसाहेब होते. त्यांनी त्या विषयात आयुष्य घातलं होतं. अखलाक माझ्याकडे आला, कारण त्या तासाला मी रिकामा होतो.

सरकारनं पाठवलेलं नीतीचं पुस्तक पातळ होतं. खोटं बोलू नये, थुंकू नये, वडीलधाऱ्यांना सलाम करावा. तिसऱ्या पानाला पोरं जांभया देत आणि पाचव्याला मी. दोन वर्गांच्या मध्ये बांबूची तट्टी होती. तिच्यापलीकडे मौलवीसाहेब गोष्ट सांगत. सख्ख्या भावांनी हेव्यापोटी विहिरीत टाकलेल्या पोराची. माझी पोरं हळूहळू सरकत तट्टीला कान लावून बसली. त्यांना दटावायचं तर मलाच पुढचं ऐकू आलं नसतं, म्हणून मी दटावलं नाही.

गोष्ट घरोघर गेली. चौथ्या दिवशी पाटलांनी मला मारुतीच्या पारावर बोलावलं.

"मास्तर, आमचं लेकरू जेवताना तिकडच्या गोष्टी सांगून राहिलं. आपल्या पोथ्या काय मेल्या का? त्या काहून शिकवत न्हाई तुमी?"

गावानं शाळेकडे दरख्वास्त, म्हणजे अर्ज, केली. आमचे हेडमास्तर औरंगाबादकडचे, बदलीची वाट पाहणारे. ते म्हणाले, "झगडा नको. मजमून इख्तियारी कर दो. जिसको जो पोथी होना, वो लिख के दे." म्हणजे विषय ऐच्छिक. ज्याला जी हवी ती पोथी त्यानं निवडावी.

आता आपली पोथी म्हणजे कोणती, हे तोवर कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. माळकऱ्यांनी एक लिहून दिली, महानुभावांनी दुसरी. लिंगायत वाण्यानं तिसरी, जैन दुकानदारानं चौथी. पारावर तीन दिवस भांडण चाललं. मौलवीसाहेबांशी उभ्या जन्मात कुणी इतकं भांडलं नव्हतं. पाटलांनी घरची पोथी लाल फडक्यातून सोडली. वडील गेल्यापासून तिला रोज हळदकुंकू वाहिलं जाई, पण कुणी उघडली नव्हती. पहिलं पान होतं, शेवटचंही होतं. मधलं सगळं कसरीनं वाचून संपवलं होतं.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं चटकन जमलं. महारवाड्यातली दोन पोरं ओसरीवर बसत, त्यांचा हात कुठल्याच पोथीला लागता कामा नये.

"मग त्यांनी काय निवडायचं?" मी विचारलं.

मग वाणी म्हणाला, "त्याहीले अखलाकच बरा."

नीतीची गरज गावात त्या दोघांनाच होती, असं ठरलं. मी मान डोलावली. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण त्या दिवशी मी मान डोलावली.

तास सुरू झाला. चार पोथ्या फळीवर फडक्यात, समोर हातपाय धुतलेली पोरं, आणि मी. माझं सारं शिक्षण उर्दूत. पोथीतली जुनी मराठी मला लागेना. दोन दिवस नुसती अक्षरं लावली. पोरं पुन्हा तट्टीकडे सरकायला लागली. तेव्हा मी चोरी केली. संध्याकाळी मौलवीसाहेबांकडून पुढची गोष्ट ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी नावं बदलून आपल्या पोरांना सांगायची. विहिरीतला पोरगा पैठणच्या सावकाराचा झाला, उंटांचे बैल झाले. पोरांनी गोष्ट ओळखली, पण पुढचं ऐकायच्या लोभानं घरी कुणी बोललं नाही, आणि मोठ्यांनी ती तेव्हाही पुरती ऐकली नव्हती. ओसरीवरच्या दोघांनाही स्पष्ट ऐकू जाई. पोथी हाताळायची नव्हती, ऐकायला बंदी घालायची गाव विसरलं होतं.

गावात माझं नाव झालं. एकदा पाटील स्वतः येऊन वर्गात मागं बसले. विहिरीपाशी आलो तेव्हा त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. त्यांचंही सख्ख्या भावाशी वाटणीवरून बोलणं बंद होतं. उठताना म्हणाले, "याले म्हंतात आपली पोथी!"

पुढच्याच आठवड्यात गावात कीर्तनकार बुवा आले. पाटलांनी फर्माईश केली, तो विहिरीतला अध्याय लावा. बुवांनी आठवून पाहिलं. "कोणता अध्याय म्हणता?"

मला पारावर बोलावलं. मी घाबरलो होतो, पण खोटं बोलू नये हे महिनाभर मीच शिकवलं होतं. सगळं सांगून टाकलं. पाटलांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली.

"पुढं काय झालं त्या पोराचं?" त्यांनी हळूच विचारलं. "भावाहीले सोडलं का न्हाई त्यानं?"

मलाही ठाऊक नव्हतं. मौलवीसाहेबांनी तिथवर सांगितलंच नव्हतं. मी त्यांच्याकडे गेलो, तर ते हसून म्हणाले, "पाटलांना म्हणावं, या. सांगतो."

दुसऱ्या दिवशी पाटील खरोखरच तट्टीच्या पलीकडच्या बाजूला, दिनियातच्या पोरांत मांडी घालून बसले. माझाही वर्ग मी तिकडेच नेला. तो पोरगा मोठ्या हुद्द्याला पोचला, दुष्काळात तेच भाऊ दाणे मागायला दारी आले, त्यानं त्यांना ओळखलं आणि माफ केलं. मौलवीसाहेब थांबले.

पाटील ताडकन उठले. "माफ केलं? अन् वरून दाणे दिले? हे काई बराबर न्हाई, मौलवीसाब. असलं शिकवाल तर लेकरं कामातून जातील."

आठ दिवसांत पाटलांच्याच सहीनं नवी दरख्वास्त गेली, पोथ्या नकोत, अखलाकच बरा. पोथ्या घरोघर परतल्या आणि माझी सगळी पोरं पुन्हा अखलाकाला बसली. वाण्याचं पोरगं पहिल्याच दिवशी फळ्याखाली थुंकलं.

अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं. शाळा मराठी झाली आणि तो तासच गेला. मौलवीसाहेब परभणीला लेकीकडे जायला निघाले. दिवस चांगले नव्हते, मुसलमानानं वाटेनं एकट्यानं जाणं धोक्याचं होतं. पाटलांनी आपली बैलगाडी जुंपली आणि कासरा स्वतः धरला. गाडीमागून मी वेशीपर्यंत चालत गेलो. दोघांचं जोरात भांडण चाललं होतं. पाटील म्हणत होते, निदान दाणे तरी मोजून द्यायला पाहिजे होते.