सहानंतर आठ

नव्वद सालाच्या आसपास एका उन्हाळ्यात मी अकरा-बारा वर्षांच्या चोवीस मुलींची ताई झाले. नेमणुकीच्या कागदावर 'शिबिर मार्गदर्शिका' असं भारदस्त लिहिलं होतं. माझी पात्रता म्हणाल तर वय वीस, शिक्षिकेचा कोर्स पूर्ण, नोकरीचा पत्ता नाही, आणि मे महिन्यात घरी बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा कुठेही जायची तयारी. मार्ग मला स्वतःलाच सापडला नव्हता, पण ते कोणी विचारलं नाही.

शिबिर आंध्रातल्या निर्मलजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहात होतं. सुट्टीमुळे ते रिकामंच पडलं होतं. पत्र्याचं छप्पर, दोन लांब खोल्या आणि अंगणात हातपंप. दहा दिवस मुलींनी तिथेच राहायचं, सकाळी कवायत करायची, दुपारी लाकडी फळं रंगवायची आणि उरलेल्या वेळात व्यक्तिमत्त्वाचा विकास करून घ्यायचा. मुली बहुतेक महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या मुधोळकडच्या, कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरांतल्या, मराठी शाळेत शिकणाऱ्या. त्यांना हवी असायची भाकरी आणि मिळायचा भात, वर चारू नावाचं चिंचेचं गरम पाणी. दुसऱ्याच दिवशी एकीने लाकडी सीताफळाला दात लावून पाहिले. भुकेने की कुतूहलाने, ते मी विचारलं नाही. हिरवा रंग मात्र तिच्या दातांवर दोन दिवस राहिला.

शिबिराच्या प्रमुख होत्या मोठ्या मॅडम. खेळाच्या निवृत्त शिक्षिका, तेलुगू बोलणाऱ्या, गळ्यात कायम शिट्टी. माझ्याशी त्या हिंदीत बोलायच्या आणि मुलींशी शिट्टीत. त्यांचा सगळा जीव गिनतीत होता. सकाळी प्रार्थनेनंतर, दुपारी चार वाजता आणि संध्याकाळी जेवणाआधी मुलींनी उंचीप्रमाणे रांगेत उभं राहायचं आणि एकेकीने आपला आकडा ओरडायचा, तोही तेलुगूत. या राज्यात राहायचं तर इथले आकडे यायला हवेत, असं मॅडमचं म्हणणं होतं आणि ते काही चुकीचं नव्हतं.

पहिल्या सकाळी मुली घोकलेले आकडे म्हणू लागल्या. ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु, आरु. मग सातवी मुलगी पुढे झाली आणि छाती भरून ओरडली, "एडु."

तेलुगूत त्याचा अर्थ सात. पण आमच्या कानाला तो ऐकू आला 'येडू'. एक किडकिडीत पोरगी, दोन वेण्यांना लाल रिबिनी, ताठ उभी राहून सगळ्यांसमोर आपण येडे असल्याचं जाहीर करत होती. मला हसू आवरलं नाही. मी चांगली खळखळून हसले. मग रांग हसली. मॅडमना काय झालं ते कळेना, म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली.

त्या दिवसापासून तिचं नाव येडू पडलं. दिवसातून तीनदा तिने ते स्वतःच्या तोंडाने म्हणायचं आणि तेवीस जणींनी हसायचं. तिने हळू म्हणून पाहिलं, तर मॅडम "जोर से" म्हणाल्या. एकदा तिने मराठीत "सात" म्हटलं, तर मॅडमनी तिच्याकडून 'एडु' दहा वेळा म्हणवून घेतलं. मला तिची जागा बदलता आली असती. दोन मुली पुढे-मागे केल्या की काम झालं असतं. पण मॅडम जाताना चांगलं पत्र देतील, त्यावर कुठेतरी नोकरी लागेल, अशी माझी आशा होती, आणि उंचीच्या रांगेत ढवळाढवळ करून ती घालवायची माझी तयारी नव्हती. शिवाय खरं सांगायचं तर मलाही अजून हसू यायचं.

चौथ्या दिवशी दुपारी चारच्या गिनतीला मी चहाचा कप घेऊन ओट्यावर उभी होते. आकडे झरझर पुढे गेले आणि शेवटची मुलगी "इरवै नालुगु" म्हणाली. चोवीस. मॅडम खूश होऊन आत गेल्या. मी चहाचा घोट घेतला आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलं ते कळायला आणखी दोन घोट गेले. आज कोणी हसलं नव्हतं.

मी खाली उतरून एकेकीच्या डोक्याला बोट लावत मराठीत मोजलं. तेवीस भरल्या. लाल रिबिनी कुठेच नव्हत्या.

"आरुनंतर काय म्हटलं?" मी सहावीला विचारलं.

तिने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. आठवीनेच उत्तर दिलं, "एनिमिदि."

सहानंतर थेट आठ. सात कोणी म्हटलाच नव्हता. तीन दिवस जिला चिडवून बेजार केलं, तिला पळून जायला वेळ मिळावा म्हणून याच पोरींनी आकडा गाळला होता. जेवण झाल्यावर ती पेटी घेऊन घरी निघाली, एवढंच त्यांनी सांगितलं. फाटकावरचा राखणदार तोंडावर टॉवेल टाकून झोपलेला होता. मॅडमना सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी त्याची सायकल उचलली, पण साडीत तिच्यावर बसता येईना, म्हणून ती हातात धरून फाट्याकडे पळत सुटले. मला भयंकर भीती वाटत होती. पोरगी बसमध्ये बसून गेली असेल तर कुठे शोधायची, तिच्या आईबापांना काय सांगायचं, हेच डोक्यात होतं.

ती फाट्यावर लिंबाच्या सावलीत पत्र्याच्या पेटीवर बसली होती. मुधोळची बस अजून आली नव्हती. त्या बसला उशिरा येताना पाहून एरवी मी किती शिव्या दिल्या असतील.

"काऊन चालली व?" मी धापा टाकत विचारलं.

"तुमाले मालूम नाई का?"

"पोरी हसतेत तं हसू दे ना. येड्या हायेत त्या." तोंडातून शब्द गेला आणि मी जीभ चावली.

"आता ते अव्वा बी मले येडीच म्हणते," ती म्हणाली. अव्वा म्हणजे आमची स्वयंपाक करणारी म्हातारी. "मी रडून राह्यली होती, तं जवळ घेऊन म्हणे, एडवकु, एडवकु."

"अवं, ते तेलुगू हाय. एडवकु म्हंजे रडू नको."

तिने हाताच्या पालथ्याने नाक पुसलं. मग म्हणाली, "म्हंजे रडू नको असं तिनं एकटीनंच म्हटलं."

"पोरीइले मी सांगतो समजावून."

"पोरीचं काई नाई, ताई. त्याइले काय समजत होतं? पयले तुमी हसल्या. तुमी हसल्या म्हणून त्याइले समजलं, का हसाचं हाय."

मला इतकी लाज वाटली की बस आली तर आपणच चढून जावं, असं वाटलं. ती खोटं बोलत नव्हती. पहिलं हसू माझंच होतं.

"परत येशील, तं काय करू?" मी विचारलं.

तिने रिबिनीचं टोक चावत विचार केला. "येडू तुमी व्हा."

मी पेटी सायकलच्या कॅरिअरवर बांधली आणि आम्ही दोघी चालत परत आलो. राखणदार अजून झोपेतच होता.

संध्याकाळच्या गिनतीला मी साडीचा पदर खोचून रांगेत शिरले. सहावीच्या आणि तिच्या मधोमध उभी राहिले. बुटक्या पोरींमध्ये माझं डोकं कणसासारखं वर आलं होतं. माझी पाळी आली तेव्हा मी छाती भरून ओरडले, "एडु." रांग पोट धरून हसली. गिनती पंचवीस झाली आणि मॅडमनी जास्तीची कोण म्हणून विचारलं. मी, म्हणून सांगितलं. "पागल हो क्या?" असं त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटलं. चांगलं पत्र काही मला मिळालं नाही.

उरलेले दिवस दर गिनतीला मी सातवी होते. दरवेळी पोरी हसायच्या आणि दरवेळी मी डावीकडे डोळे वळवून बघायचे. ती समोर बघत, स्पष्ट आवाजात "एनिमिदि" म्हणायची. एकदाही मला हसली नाही.