दोन वर्गण्या

संध्याकाळी कामावरून आल्या की बाईंची एक चप्पल दाराशी आणि दुसरी पार पलंगाखाली, अशी घाई. हात धुवायच्याही आधी लेकीच्या खोलीतल्या कॉम्प्युटरचं बटण दाबायचं. तो जुना गडी, उठायला वेळ घ्यायचा. तोवर स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर पातेलं चढवायचं, येऊन बघायचं, पुन्हा जाऊन मीठ घातलं की नाही ते आठवायचं, पुन्हा येऊन बघायचं. एकदाचा गेम उघडला की कोपऱ्यातल्या ओळखीपाळखीच्या रकान्यात ‘ठिणगी’ हे नाव शोधायचं. नावापुढचा ठिपका हिरवा असेल तर ते माणूस आत आहे, करडा असेल तर नाही. ठिपका करडा असायचा. गेले कित्येक महिने तो करडाच होता, तरी बाई रोज नव्याने बघायच्या, जसं काही काल नीट दिसलंच नव्हतं.

ठिणगी म्हणजे बाईंची एकुलती एक लेक. म्हणजे लेकीचं त्या गेममधलं पात्र.

हसू नका. पन्नाशी उलटलेली, जाड भिंगांचा चष्मा लावून दिवसभर कवळ्या बनवणारी बाई गेम खेळते, याचं आधी बाईंना स्वतःलाच हसू यायचं. आणि गेमही साधासुधा नव्हे. हजारो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी त्यात उतरतात, प्रत्येकाचं एक सोंग, टोळ्या करून गुहांमध्ये शिरायचं, राक्षस लोळवायचे, आणि या चैनीसाठी कंपनी दर महिन्याला वर्गणी कापून घेते. वर्गणी थांबली की दार बंद. लेक शिकत होती तेव्हापासून तिची वर्गणी बाईंच्या खात्यातून जायची. पुढे तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची. निघताना आई रडवेली झाली तेव्हा ती म्हणाली, ‘‘आई, तू पण आत ये ना. रोज भेटू, एकत्र खेळू. फोनवर नुसतं काय बोलायचं?’’ तिनेच आईला पात्र करून दिलं, थट्टेने त्याचं नाव ‘कवळी’ ठेवलं आणि काम दिलं वैद्यिणीचं. लढाईत ज्याला मार बसेल त्याच्या डोक्यावरची हिरवी पट्टी उतरत जाते, ती मंत्र मारून पुन्हा भरायची. बाईंना ते झटक्यात जमलं. टोळीतल्या प्रत्येकाच्या पट्टीवर त्या डोळ्यांत तेल घालून बसायच्या. अशी घरात दुसरी वर्गणी सुरू झाली.

ते पहिले महिने काय सुखाचे होते म्हणून सांगू! फोनवर ‘हं’, ‘बरं’, ‘बघते’ एवढंच बोलणारी पोर तिथे पुढे पुढे पळायची, पुलाच्या टोकाशी थांबून मागे वळायची आणि लिहायची, ‘थांब आई, उडी मारू नकोस, पाणी खोल आहे.’ बाई मुद्दाम उडी मारायच्या. मग लेक येऊन त्यांना बाहेर काढायची. रात्री जेवताना बाई नवऱ्याला ही हकिगत अशा रंगात येऊन सांगायच्या की त्याला वाटायचं ह्या दोघी खरंच कुठेतरी जाऊन भिजून आल्या.

आणि मग ठिपका करडा झाला. आधी एक दिवस, मग आठवडा, मग कायमचा. ‘‘कामाचा फार ताण आहे गं आई,’’ लेक फोनवर म्हणाली, ‘‘गेम सोडलाय मी सध्या.’’ सध्या! ह्या एका शब्दावर बाईंनी तिची वर्गणी चालू ठेवली. बाकी रविवारचे फोन पुन्हा ‘हं’, ‘बरं’, ‘बघते’वर आले.

बाईंचा नवरा शहरातली बस चालवायचा. त्याला घरात आणि शेजारीपाजारी सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणायचे. माणूस शांत, पण बँकेचा मेसेज आला की त्याला कंठ फुटायचा.

‘‘अगं, मासिकाची वर्गणी भरली तर निदान रद्दी तरी येते हातात. इथे काय येतं?’’

‘‘आणि तुम्ही व्यायामशाळेची भरता, तिथून काय येतं? पोट बघा. स्टिअरिंग फिरवायला जागा उरली नाही.’’

‘‘माझं सोड. तुझी वर्गणी मी एकवेळ समजू शकतो, तू खेळतेस. पण ती तिकडे फिरकतही नाही, तिची कशाला?’’

उत्तर बाईंच्या ओठांवर होतं, पण बाहेर काढायची लाज वाटायची. एखाद्या संध्याकाळी पोरीला आईची आठवण आली, ती आपणहून तिथवर आली आणि दार बंद मिळालं तर? या एका ‘तर’पायी त्या जीव मुठीत धरून बसल्या होत्या. म्हणायच्या मात्र एवढंच, ‘‘असू दे हो.’’

लेक नव्हती तरी टोळी होती. टोळीचा नायक कुणीतरी सुतार होता. त्याच्यासकट सगळे त्यांना ‘कवळीकाकू’ म्हणायचे आणि काकूंशिवाय गुहेत पाऊल टाकायचे नाहीत. पण बाईंचं लक्ष होतं कुठे? निम्मा डोळा पट्ट्यांवर, निम्मा त्या ठिपक्यावर. एकदा तर ऐन लढाईत त्या ठिपका बघायला गेल्या आणि इकडे सुतार आडवा. ‘काकू, मेलो की हो!’ त्याने लिहिलं. सगळे हसले. बाईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांची ही उलघाल मग कामातही शिरली. दातांच्या लॅबमध्ये खिडकीजवळचं टेबल बाईंचं. दंतवैद्यांकडून माणसाच्या तोंडाचा प्लास्टरचा साचा यायचा, त्यावर बाई गुलाबी मेणाची हिरडी चढवायच्या आणि एकेक दात रोवायच्या. दात पांढरेच असतात असं आपल्याला वाटतं, पण त्यांच्या पेटीत पांढऱ्याच्या कितीतरी तऱ्हा होत्या, आणि माणसाचं वय, वर्ण बघून त्यातली नेमकी निवडावी लागायची. एवढ्या वर्षांत बाईंची निवड कधी परत आली नव्हती. त्या दिवशी आली. एका आजोबांची कवळी डबीतून मालकांनी टेबलावर ठेवली. वरचे दात नवऱ्या मुलासारखे शुभ्र, खालचे चहा प्यायलेले.

मालक रागावले नाहीत. ‘‘ताई, घरी सगळं बरं आहे ना?’’ एवढंच त्यांनी विचारलं.

त्यापेक्षा त्यांनी खेकसायला हवं होतं. दिवसभर बाईंचा कान त्या प्रश्नाने जळत राहिला. काय हा वेडेपणा! पोर खुशाल तिकडे नोकरी करतेय, आणि इथे आपण एका ठिपक्यापायी म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाचा तमाशा केला! संध्याकाळी घरी आल्या त्या तावातावातच. चपलेसकट कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि लेकीची वर्गणी बंद करून टाकली. ‘आपली खात्री आहे का?’ असं त्या मेल्याने दोनदा विचारलं. ‘‘आहे, आहे!’’ बाई ओरडल्या, आणि मग कितीतरी वेळ हुंदके देत बसल्या. ड्रायव्हरसाहेबांनी पाणी आणून दिलं आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

भरलेला महिना संपेपर्यंत लेकीचं दार उघडं राहणार होतं. तेवढे दिवस बाई आशेवर घुटमळल्या. ठिपका हलला नाही. महिना संपला.

आणि त्याच संध्याकाळी, बाई कांदा चिरत असताना, फोन वाजला. लेकीचा! स्वतःहून! रविवार नसताना! सुरी टाकून, हात पदराला पुसत बाई धावल्या. त्यांना वाटलं, आली शेवटी आठवण.

‘‘आई, माझी वर्गणी गेली नाही का या महिन्यात? मला बाहेर फेकलं गं! आम्ही ऐन लढाईत होतो, सगळे खोळंबलेत माझ्यासाठी, लवकर बघ ना...’’

आणि ती थांबली.

‘‘कोण सगळे?’’ बाईंनी विचारलं.

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘‘तू तर सोडला होतास ना?’’

‘‘आई, मी सांगणार होते तुला.’’

‘‘कधीपासून खेळतेस?’’

‘‘सोडलाच नव्हता,’’ लेक हळूच म्हणाली. ‘‘त्याच वर्गणीत दुसरं पात्र घेतलंय. दुसरं नाव, दुसरी टोळी. ठिणगी नुसती पडून आहे.’’

बाई तिथल्या तिथे स्टुलावर बसल्या. इतके महिने! आपण इथे करड्या ठिपक्याकडे बघत बसलो आणि पोर रोज तिथेच होती, भिंतीपलीकडे, दुसऱ्याच नावाने.

‘‘आईला चुकवायचं आणि वर्गणीही आईचीच?’’ त्यांचा आवाज चिरकला. ‘‘वा गं वा! असं काय केलं होतं मी?’’

‘‘तू काय लिहायचीस ते आठवतं का तुला? राक्षस अंगावर येतोय, चोवीस माणसं लढताहेत, आणि मध्येच तू, जेवलीस का, डोक्याला तेल लावलंस का, पोट साफ होतंय का!’’

‘‘ते मी तुला लिहीत होते.’’

‘‘नाही गं आई. ते सगळ्या टोळीला दिसायचं. रोज.’’

बाईंच्या कानशिलापर्यंत आग गेली. म्हणजे त्या सुतारालाही ठाऊक होतं? आणि मेला कधी बोलला नाही!

‘‘त्याचं काही नाही,’’ लेक घाईने म्हणाली. ‘‘चार दिवस चिडवलं सगळ्यांनी, संपलं. पण आई, मी दिवसभर कानाला फोन लावून लोकांच्या शिव्या खाते आणि वर ‘माफ करा’ म्हणते. तिथून उठले की मला तासभर कुणाचीच कुणी व्हायचं नसतं. तू आत असलीस की मी लेक होते. उत्तरं द्यावी लागतात. मला नाही जमत गं.’’

‘‘मग तसं सांगायचंस.’’

‘‘कसं सांगणार? तू वाट बघतेस, बाबा म्हणायचे. आता मी माझ्या पगारातून भरीन. तू नको भरूस.’’

‘‘गप्प बस,’’ बाई म्हणाल्या. फोन कानाला धरूनच त्या खोलीत गेल्या आणि बंद केलेली वर्गणी त्यांनी पुन्हा चालू केली. ‘‘झालं बघ. जा. लोक खोळंबलेत तुझे.’’ आणि फोन ठेवून दिला.

ड्रायव्हरसाहेब घरी आले तेव्हा बाई ह्या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. सगळं ऐकून घेऊन ते चिडून म्हणाले, ‘‘बंद कर. दोन्ही बंद कर. चुना लावला पोरीने आपल्याला.’’

‘‘नाही करणार,’’ बाई म्हणाल्या. ‘‘दिवसभर शिव्या खाणारी पोर तासभर कुठेतरी मजेत असते. एवढ्या पैशांत तुम्ही आणून द्याल का तिला असा तास? वसूल आहे माझी वर्गणी, पुरेपूर वसूल.’’ आणि हे ठणकावून सांगता सांगताच त्यांना रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गेममध्ये शिरल्या खऱ्या, पण छे, मन थाऱ्यावर कुठलं! गावाच्या चौकातून अनोळखी पात्रं पळत होती आणि प्रत्येकीकडे बघून बाई थबकायच्या. ही असेल का? ती लाल पगडीवाली? ही घोड्यावरून गेली ती? एकीच्या मागे तर त्या वेशीपर्यंत धावल्या. ती वळली आणि तिने लिहिलं, ‘काय हवंय?’ बाई ओशाळून परतल्या. तेवढ्यात फोन वाजला. पुन्हा लेकीचा.

‘‘आई, चिडलीस?’’

‘‘हो.’’

‘‘ऐक ना. माझ्या नव्या पात्राचं नाव सांगू का तुला?’’

बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना ते नाव हवं होतं. इतके महिने दुसरं काही नकोच होतं.

‘‘नको सांगूस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘सांगितलंस तर मी येईन गं. मला माझा स्वभाव माहीत आहे. मी येईनच.’’

पलीकडून लेकीने नाक ओढल्याचा आवाज आला. ‘‘बरं,’’ ती म्हणाली. पण फोन तिने ठेवला नाही, आणि बाईंनीही ठेवला नाही.