भाकरी थापणारे हात

ज्वारीची भाकरी भाजल्याचा वास आला की मला आमच्या कोडोलीच्या घरात झालेलं सिनेमाचं शूटिंग आठवतं. ज्या नटीचा एकही सिनेमा मी सोडला नव्हता, ती चक्क आमच्या चुलीपुढं बसली होती. तिला भाकरी थापायची होती, पण परातीत ती दर वेळी चिरायची. शेवटी आमच्या कारभारणीला राहवलं नाही. "बाई, सरका की, पीठ वाया चाललंय," म्हणाली आणि स्वतःच थापायला बसली. सगळे बघतच राहिले. डायरेक्टर म्हणाला, "हेच हात घ्या." मग मेकअपवाल्यानं तिच्या मनगटावर गोंदलेली तुळस बघून तशीच नटीच्या हातावर काढली. पुढं कोल्हापुरात सिनेमा लागला. पडद्यावर तोंड नटीचं आणि हात आमच्या हिचे, भिंतीएवढे! मी उभा राहून ओरडलो, "ह्ये हात आमच्या कारभारणीचं हाईत!" मागनं कुणीतरी म्हणालं, "व्हय पावणं, आन् त्यो बैल माझा हाय. बसा की खाली!" हिनं सदरा ओढून मला बसवलं, पण अंधारात हसत होती. ती जाऊन आता वर्ष होईल. परवा दुपारी सून म्हणाली, "मामा, टीव्हीवर तुमची नटी लागलीया." मी अगदी जवळ जाऊन बसलो, पण नटीकडं बघितलंच नाही. हिच्या हातांनी भाकरी तव्यावर टाकली आणि घरात शेगडी बंद असताना मला वास आला.