धुऱ्यावरच्या ललिताबाई

सुनिलरावांची नवी कोरी गाडी माझ्या प्लॉटात निम्म्या चाकांपर्यंत रुतली, ती माझ्यामुळे. मोहर्ली रस्त्यालगतचा हा प्लॉट विकला की चंद्रपुरातला पाहून ठेवलेला फ्लॅट घ्यायचा, असं माझं गणित. जमीन किती घट्ट आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायच्या भरात मी म्हणालो, "बिनधास्त आत घ्या." त्यांनी घेतली.

आमच्या दलाल ललिताबाई रामटेके धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहून हा पराक्रम पाहत होत्या. पंधरा वर्षं त्या या भागात जागांचे व्यवहार जुळवतात. घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला धुऱ्यावर समोरासमोर उभं करायचं, जागेचे दोष आणि स्वतःची नातीगोती सांगून टाकायची, किमतीचं बोलणं मग; ही त्यांची रीत. गावात म्हणतात, बाईच्या तोंडातच सातबारा आहे, तोही 'इतर हक्कां'च्या रकान्यासकट.

आज तरी त्या "कालच पाऊस झाला" एवढं म्हणतील म्हणून मी डोळ्यांनी खुणावत होतो. बाईंनी माझ्या डोळ्यात कचरा गेला असावा असं धरलं.

"भाऊ," त्या सुनिलरावांना म्हणाल्या, "ट्रॅक्टर बोलावतो. पन तो माह्या दिराचा हाय, भाडं त्यालेच जाईन. अन् या प्लॉटात दिवाळीपर्यंत पानी राह्यते. मले दलाली तुमच्या दोघायकून भेटते, हे बी ध्यानात ठेवा."

सुनिलरावांनी चिखलातला पाय उपसत विचारलं, "आणि तो पलीकडचा, उंचावरचा?"

"तो बी दिराचाच. चांगला हाय, पन मी तं चांगलाच म्हनीन ना. कागद दुसऱ्या कोनाले दाखवून घ्या. घरच्या जागेत मी दलाली नाई घेत."

ट्रॅक्टर आला. गाडी निघाली, माझी एक चप्पल राहिली. सुनिलरावांनी मला नमस्कार केला आणि ट्रॅक्टरवाल्या दिराबरोबर थेट उंचावरच्या प्लॉटाकडे चालू लागले. माझा फ्लॅट गेला, बाईंची दोन्हीकडची दलाली गेली. बाई मात्र हलक्या मनाने पिशवीवरचा चिखल झटकत होत्या. आपली जागा विकताना असं माणूस मध्ये नसावं, आणि दुसऱ्या कोणाकडून जागा घ्यायची वेळ आली तर त्याच्याशिवाय पाऊल टाकू नये, हे मला तिथंच पटलं. तरी राहवेना.

"बाई, तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूनं?"

"तुमच्याच बाजूनं आहो भाऊ, पन प्लॉट डुबते त्याले मी का करू?"